खोलीतलं खोलीत

३ फेब्रुवारी

ताई,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं होतं, ते खोडलं. कागद बदलला नाही. खोडलेलं तुला दिसू दे.

तीन आठवडे झाले. तुझे सात फोन आले, मी एकही घेतला नाही. तुझा आवाज ऐकला की मी विरघळणार आणि मीच 'जाऊ दे गं' म्हणून मोकळी होणार. बारा वर्षं हेच करत आलेय. म्हणून पत्र. यात तुला मध्ये बोलता येणार नाही.

त्या सोमवारी काय झालं ते तुला माहीत आहे. पण ते माझ्या बाजूने कसं दिसलं, ते नाही. दुपारचे दोन वाजले होते, पाळी बदलत होती. पाच नंबरच्या आजोबांची कूस बदलून मी बाहेर आले होते, हातसुद्धा धुतले नव्हते. तू दारात उभी होतीस. तुझ्यामागे केंद्राच्या ऑफिसातला कारकून आणि गेटवरचा रखवालदार. तू म्हणालीस, "औषधाच्या कपाटाची किल्ली दे." मी दिली. तू इन्चार्ज, वाटलं, तुझी सापडत नसेल. मग म्हणालीस, "आता पर्स उघड."

मी हसले. खरंच, मला वाटलं तू थट्टा करतेयस. वॉर्डातल्या मावशी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या, त्यांचे हात तिथेच थांबले. दुपारच्या पाळीच्या दोन्ही पोरी बघत होत्या. रखवालदाराने माझा डबा उघडून पाहिला, पाकीट पाहिलं, पॅडची पुडी काढून टेबलावर ठेवली. त्याला लाज वाटत होती, मान वर करत नव्हता. तुझ्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. पेशंट गेल्यावर नातेवाईक आत यायच्या आधी आपण जसा चेहरा करून घेतो, तसा.

पर्समध्ये काही सापडलं नाही. मग तू कागद पुढे केलास. 'प्रकृतीच्या कारणास्तव सक्तीची रजा.' ह्यांना तू आधीच फोन केला होतास. ते गेटवर उभे होते, मोटार दुरुस्तीच्या दुकानातले तेलकट कपडे तसेच अंगावर. चोराला नेतात तशी मी त्यांच्या मागून गेले.

एवढंही मी गिळलं असतं. पण बुधवारचं बोलणं तू सोमवारी बाहेर काढलंस, ते गिळता येत नाही.

बुधवारची बैठक ही तुझीच कल्पना. आपल्याकडे आलेला माणूस बरा होऊन घरी जात नाही, हे आपण पहिल्या दिवसापासून जाणतो. त्याचं दुखणं कमी करायचं, शेवटपर्यंत सोबत करायची, एवढंच आपलं काम. पण नोव्हेंबरात अठरा खाटांवरून एकवीस माणसं गेली, तेव्हा तू म्हणालीस, "जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे सगळं आहे. राहणाऱ्यांसाठी काहीच नाही." कपड्यांच्या खोलीत सहा खुर्च्या मांडल्यास, दार लावलंस, चहा आणलास. नियम एकच सांगितलास: खोलीतलं खोलीत.

दोन महिने मी नुसता चहा प्यायले. त्या बुधवारी तू आधी बोललीस म्हणून मी बोलले. म्हणाले की अकरा नंबरची शिवणवाली गेली तेव्हा मला काहीच वाटलं नाही, पहिला विचार आला तो जेवणाआधी खाट रिकामी करायची आहे, हा. म्हणाले की घरी लेकीचं बोट कापलं, रक्त आलं, तरी मी दुसऱ्या कोणाच्या मुलीकडे बघावं तशी बघत राहिले. आणि म्हणाले की मॉर्फिन भरताना कधी कधी वाटतं, एक आपल्यालाही.

तू उठलीस, माझ्या पाठीवर हात ठेवलास. म्हणालीस, "बरं झालं बोललीस."

मी तुझ्यावर विसंबून मान टाकली होती गं.

खाली काय लिहून सही करायची ते सुचत नाही.


११ फेब्रुवारी

ताई,

माझ्या पत्राचं उत्तर आलं नाही. बरंच झालं.

घरचं सांगते, कारण ते तू करून ठेवलेलं आहे. ह्यांनी न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. विचारलं तर म्हणाले, "गंजली होती." गेल्याच महिन्यात मी नवी बसवून घेतली होती. मी आंघोळीला गेले की हे बाहेर स्टूल टाकून बसतात आणि जुनी गाणी गुणगुणतात. म्हणजे मला वाटावं, सहज बसलेत. बेसूर गाणारा माणूस, पण मी पाणी ओतायची थांबले की गाणंही थांबतं. लेक शाळेतून आली की आधी मला शोधते, मग दप्तर ठेवते. तेरा वर्षांची पोर आईवर नजर ठेवते. परवा तिने विचारलं, "आई, तुला आमचा कंटाळा आला का?" मी म्हणाले, "वेडी आहेस का?" आणि लगेच जीभ चावली, कारण हा शब्द आता आमच्या घरात कोणी उच्चारत नाही.

आठवड्यातून एकदा समुपदेशकबाईंकडे जावं लागतं. ते तुझ्या कागदातच लिहिलंय. भल्या आहेत. प्रश्न विचारून गप्प बसतात. पहिल्या दोन वेळा मी त्यांच्या खिडकीबाहेरचा जिना किती पायऱ्यांचा आहे ते मोजलं.

खरं लिहायचं ते पुढेच आहे. काल मावशी आल्या. माझ्या कपाटातल्या चपला, स्वेटर, पाण्याची बाटली घेऊन. बसायला तयार नव्हत्या. मी धरून बसवलं. मग हळूच म्हणाल्या, "सिस्टर, एक सांगू का? डॉक्टरांपुढे माझं नाव नका घेऊ."

तू मोठ्या डॉक्टरांना जो कागद दिलास, तो तू सांगत गेलीस तसा कारकुनाने टाइप केला आणि मावशींनी चहा देताना ऐकला. माझं वाक्य जसंच्या तसं घातलंस. 'एक आपल्यालाही.' शब्द इकडचा तिकडे नाही. बोटाचं घातलंस, खाटेचं घातलंस.

मी विचारलं, "आणि ताईंचं?"

मावशी म्हणाल्या, "त्यांचं काय?"

"त्या आधी बोलल्या होत्या ते."

मावशींनी पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, "ते नव्हतं त्यात."

त्या बुधवारी तू काय सांगितलंस ते मी लिहीत नाही. पत्र दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर? बघ, मी अजून तुझं राखून आहे. पण आपल्या दोघींना माहीत आहे की ते माझ्याहून कमी नव्हतं. संध्याकाळी घरी जायच्या ऐवजी तू कुठे बसून असतेस, किती वेळ, आणि हातात काय असतं. तुझं बोलणं खोलीत राहिलं, माझं तेवढं बाहेर गेलं. तू किल्ली काढून घेतलीस ती फक्त माझ्याकडून. तुझी तुझ्याच कमरेला आहे.

काळजी होती म्हणशील. असेल. पण काळजी दोघींची करता आली असती.


२० फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तीन दिवस लिहितेय. दोनदा फाडलं.

शिवणवालीबद्दल लिहायचंय. अकरा नंबर. चौतीस वर्षांची. नऊ आठवडे होती आपल्याकडे, तिची हाडं आतून पोखरली होती. तरी आल्या दिवशी माझ्या युनिफॉर्मची शिवण बघून म्हणाली, "सिस्टर, हा खांदा कोणी उतरवलाय हो? शत्रूने?" मग पडल्या पडल्या माझ्याकडून उसवून घेतला आणि टाचण्या कुठे लावायच्या ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला नीट बसणारा युनिफॉर्म मिळाला.

तिला एकच धास्ती होती. एकटं जायची. तिची आई दोन तास लांब राहायची, गुडघ्यांनी अधू. मी शब्द दिला होता, "वेळ आली की मी ओळखते. आईला वेळेवर बोलावेन." आणि ओळखते ना मी? बारा वर्षांत कधी चुकले नाही. तळव्यांचा रंग बदलतो, श्वासात खंड पडतो. त्या गुरुवारी सकाळी आठ वाजता मी तिचे तळवे पाहिले आणि मला कळलं.

आणि मी फोन केला नाही.

विसरले नाही. गडबड होती, पण तेवढी नव्हती. फोनपर्यंत गेले, रिसीव्हर उचलला. पलीकडून त्या बाईचा आवाज येणार, मग ती रडणार, मग मला बोलावं लागणार. माझ्यात एक शब्द शिल्लक नव्हता. मी रिसीव्हर ठेवला आणि सात नंबरचं ड्रेसिंग करायला गेले. अकरा वाजता शिवणवाली गेली. मी शेजारी नव्हते. मावशी होत्या. आई दीडला पोचली. मी तिला सांगितलं, "अचानक झालं हो, कळलंच नाही." तिने माझे हात धरले आणि माझे आभार मानले.

हे मी बुधवारी सांगितलं नव्हतं. 'काहीच वाटलं नाही' एवढंच सांगितलं. ते सोपं होतं.

आता पुढचं. तिच्या नावावरचं मॉर्फिन उरलं होतं. काचेची दोन अँप्युल. रीत अशी की उरलेलं दोघींनी समोरासमोर फोडून ओतून टाकायचं आणि वहीत दोघींनी सही करायची. तू तेव्हा तीन नंबरच्या मुलाशी फोनवर बोलत होतीस, तो आपल्यावर ओरडत होता. मी वही पुढे केली. तू फोन खांद्यात धरून सही केलीस, बघितलं नाहीस. कधीच बघायचो नाही आपण. अठरा खाटांना दोघी, कोण कुणाचं काय बघणार?

मी एक फोडलं. दुसरं माझ्या खिशात राहिलं. ठरवून नाही, असं मी स्वतःला सांगत आले. पण घरी कपडे बदलताना हाताला लागलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी परत नेता आलं असतं. नेलं नाही. एका जागी ठेवलं, जिथे कोणी हात घालत नाही. वापरायचं असंही नव्हतं. फक्त ते आहे एवढं माहीत असलं की सकाळी पायात चपला सरकवता यायच्या.

तू माझी पर्स उघडायला लावलीस तेव्हा ते पर्समध्ये नव्हतं, ताई. घरी होतं. अजून आहे. हे बाहेर बसून गातात, कडी काढून ठेवतात, सुऱ्या शेजारी नेऊन ठेवल्यात, आणि ते घरातच आहे.

म्हणजे तुझा संशय खरा होता. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, दुसऱ्यात लिहिलं नाही. अपमानाबद्दल पानंच्या पानं लिहिली. अपमान खोटा नव्हता. पण मी हातचं राखून लिहीत होते.

एक मात्र सांगते. बैठक संपली तेव्हा दार उघडून सगळ्या गेल्या, मी मुद्दाम मागे राहिले होते. कपबशा गोळा करत होते. तू थांबून नुसतं विचारलं असतंस, "खरंच तसं वाटतं का गं?", तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशी आणून तुझ्या हातात दिलं असतं. मी वाट बघत होते. तू म्हणालीस, "कप राहू देत, मावशी धुतील," आणि निघून गेलीस.


२७ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र तुला मिळेल तोवर तुला बोलावणं आलेलं असेल. तरी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय. निदान मी तुला आधी सांगितलं, असं व्हावं.

सोमवारी ह्यांना सांगितलं. हे पंखा दुरुस्त करत होते. ऐकून घेतलं, हातातला स्क्रू डबीत टाकला आणि म्हणाले, "कुठे आहे?" मी आणून दिलं. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं आणि रुमालाला गाठ मारली. मला वाटलं, रागावतील. म्हणाले, "मी रोज बाहेर बसून गातोय, आणि हे आत." मग म्हणाले, "चल, आत्ता चल."

समुपदेशकबाईंकडे गेलो. त्यांनी मला एकच विचारलं, "आज का सांगावंसं वाटलं?" मी म्हणाले, "लेक परवा माझ्या कपाटात सुईदोरा शोधत होती." त्या म्हणाल्या, "मग आज तुम्ही तिला सांभाळलंत." पायऱ्या मोजायच्या राहिल्या त्या दिवशी. त्यांनी एका मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्यात. हे आजार आहेत, नाव असलेले, उपचार असलेले, असं तो डॉक्टर म्हणाला. मी इतक्या नातेवाइकांना हेच सांगितलंय. स्वतःबद्दल ऐकताना तोंडात मारल्यासारखं झालं.

काल केंद्रात गेले. मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर रुमाल सोडला. त्यांनी वही मागवली. तारीख काढली. पान माझ्याकडे फिरवून म्हणाले, "दोन नष्ट केल्याची नोंद आहे. साक्षीदाराची सही आहे. त्यांनी पाहिलं होतं का?"

रात्रंदिवस ज्याची वाट बघावी असा प्रश्न होता तो. मला 'नाही' म्हणायचं होतं आणि तुझ्यावर उलटवायचं होतं. आणि त्याच क्षणी 'हो' सुद्धा म्हणायचं होतं. 'मी त्यांना फसवलं, रिकामं अँप्युल दाखवलं' असं. म्हणजे तू सुटली असतीस आणि मी थोर झाले असते, तुझ्या उरावर जन्मभर बसले असते. खोटं वाटेल तुला, पण 'हो' म्हणण्यातच जास्त सूड होता.

मी म्हणाले, "नाही. पाहिलं नाही. मीही त्यांच्या वेळी कधी पाहिलं नाही. आम्ही कोणीच पाहत नाही. वेळच नसतो."

ते म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ काय होतो?"

मी म्हणाले, "अठरा खाटांना दोघी. याचा अर्थ तुम्हाला कळतोय का?"

तुझं खोलीतलं मात्र सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं, "बैठकीत आणखी कोण काय बोललं?" मी म्हणाले, "खोलीतलं खोलीत."


२ एप्रिल

ताई,

काल तू आलीस आणि मला धड बोलता आलं नाही. म्हणून पुन्हा कागद.

तू येशील असं वाटलं नव्हतं. तुझी इन्चार्जची जागा गेली, तुला कागदपत्रांच्या विभागात बसवलंय, हे मावशींकडून कळलं होतं. माझी नर्सिंगची नोंदणी वर्षभरासाठी थांबवली, ते तुला कळलंच असेल. दार उघडलं तर तू चपला काढून उभी. किती बारीक झालीस. मी 'ये' म्हणाले नाही, तू आलीस.

लेकीने पाणी आणलं आणि आत गेली नाही. दाराशीच उभी राहिली, माझ्या बाजूने. तू तिला विचारलंस, "बोट बरं झालं का गं?" तिने माझ्याकडे पाहिलं. हे बाहेरच्या माणसाला कसं माहीत, असं तिला वाटलं.

तू म्हणालीस, "तू माझं नाव घेतलंस."

मी म्हणाले, "विचारलं म्हणून."

"मी तुझं घेतलं, कारण तू मेली असतीस."

"हो," मी म्हणाले. "बहुतेक."

मग आपण दोघी गप्प. आपल्याला गप्प बसायची सवय आहे, किती माणसांच्या उशाशी बसलोय. पण ही शांतता वेगळी होती. यात कोणी जात नव्हतं आणि कोणाला जाताही येत नव्हतं.

मी विचारलं, "कपबशा गोळा करत होते तेव्हा का नाही विचारलंस?"

तू पेला खाली ठेवलास. मग म्हणालीस, "विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर? त्या दिवशी माझ्यात आणखी एक 'हो' ऐकायची ताकद नव्हती. कागदावर लिहून देणं सोपं होतं. कागद उलटून काही सांगत नाही."

"आणि तुझं स्वतःचं? ते का नाही लिहिलंस?"

"लिहिलं असतं तर वॉर्ड कोणी सांभाळला असता?" असं म्हणालीस. मग मान हलवलीस. "नाही. ते खरं नाही. मला भीती वाटली."

तुला हे बोलायला किती लागलं असेल ते मला कळत होतं. मी उठून तुझ्याजवळ यायला हवं होतं. आले नाही. पाठीवर हात ठेवला नाही. तू रडलीस आणि मी समोर बसून राहिले. तू म्हणालीस, "मीही आता त्या बाईंकडे जाते. गुरुवारी." मी म्हणाले, "चांगलं आहे." नातेवाइकांशी बोलतो त्या आवाजात म्हणाले. तुला तो आवाज ओळखू आला, मला दिसलं.

जाताना तू विचारलंस, "माफ करशील?" मी म्हणाले, "आत्ता नाही." तू चपला घातल्यास आणि गेलीस.

आता जे सांगायचं ते. तू गेल्यावर मी पेला धुवायला घेतला आणि मला रडू आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा. तुझ्यासाठी नाही, ते आधीच सांगते. शिवणवालीची आई आठवली, दीड वाजता जिना चढून येणारी, एकेका पायरीवर थांबणारी. माझे हात धरून आभार मानणारी. मी ओट्याला धरून खाली बसले. आवाज निघत होता तोंडातून, माझा वाटत नव्हता. लेक घाबरली, तिने ह्यांना फोन केला, हे दुकान उघडं टाकून पळत आले. धापा टाकत म्हणाले, "काय झालं? काय घेतलंस?" मी म्हणाले, "काही नाही घेतलं. मला वाईट वाटतंय." त्यांना कळेना, यात रडण्यासारखं काय आणि मी मध्येच हसतेय का. बिचारे तिथेच फरशीवर बसले.

समुपदेशकबाईंना सांगेन पुढच्या वेळी. त्या 'छान' म्हणतील, लिहून घेतील. हे आनंदाने शेजारी सांगून येतील की बायको रडली. पण इतक्या मरणांनंतर एका मरणाचं वाईट वाटणं म्हणजे काय, हे न समजावता कळेल असं माझ्या ओळखीत एकच माणूस आहे. काल दोन वाजून दहा मिनिटांनी मी त्याला 'आत्ता नाही' म्हणून दारातून लावून दिलं, आणि तीन वाजता मला सांगायला तोच माणूस हवा होता.

तू माझं वाक्य बाहेर नेलंस, पर्स उघडायला लावलीस, किल्ली घेतलीस, यापेक्षा मला या गोष्टीचा जास्त राग आहे.

पत्र टाकायला लेकीला पाठवतेय.